दाट वस्ती आणि दाटलेली खोली: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ती तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. साथीच्या रोगांपुढे तग धरतील अशा शहरी वस्त्यांवरच्या माझ्या लेखात मी दाट, पण बाग आणि दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या वस्तीची बाजू घेतली होती. त्याला तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, दाट लोकवस्ती हेच साथीचं मूळ असताना मी तिचीच बाजू घेतली. शहरं पसरू द्यावीत, माणसं विरळ राहावीत, हाच खरा उपाय, असं तुम्ही म्हणता. दुसरा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटापायी शहराची घडी बदलणं परवडणारं नाही. आणि तिसरा, एका खोलीत आठ माणसं झोपत असतील, तर पायी जाण्याच्या अंतरावर बाग आणि दवाखाना असल्याचं त्यांना काय कौतुक?

तिसरा आक्षेप मला लागला. त्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात होईल. १९१८च्या फ्लूनंतर १९५७, १९६८ आणि २००९ साली इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथी आल्या, २००३मध्ये सार्स आला, २०२०मध्ये कोविड. १९५०च्या सुमारास जन्मलेल्या माणसाने हे सगळं पाहिलं आहे. शिवाय खेळत्या हवेची आणि उजेडाची खोली साथ येईपर्यंत रिकामी वाट बघत बसत नाही. क्षयरोगही कोंदट, बंद जागेतल्या हवेतूनच पसरतो, आणि त्याला साथीचं वर्ष लागत नाही.

आता घनतेकडे येऊ. 'घनता' आणि 'दाटी' या दोन गोष्टी आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच वाद भरकटतो. घनता म्हणजे एका चौरस किलोमीटरवर राहणारी माणसं. दाटी म्हणजे एका खोलीत, एका संडासामागे, एका जिन्यावर असणारी माणसं. विषाणूला चौरस किलोमीटर कळत नाही, त्याला खोलीतली हवा कळते. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन हा सर्वांत दाट वस्तीचा भाग, पण २०२०मध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात अधिक मृत्यू झाले ते त्याहून विरळ असलेल्या ब्राँक्स आणि क्वीन्समध्ये. तिथे एका घरात जास्त माणसं राहत होती आणि घरी बसून करता येणार नाहीत अशी कामं करणारेही जास्त होते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात तर माणसं विरळच राहतात; तरीही पुढच्या लाटांमध्ये तिथला मृत्युदर शहरांच्या वर गेला. रुग्णालय लांब असणं हाही एक धोकाच असतो.

मोठ्या, चहूकडून माणसं येणाऱ्या शहरांत साथ आधी पोचते, हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. पण आधी पोचणं वेगळं आणि जास्त माणसं मरणं वेगळं.

२००३मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या संकुलात ३००हून अधिक रहिवाशांना सार्स झाला. सर्वांत जास्त रुग्ण एकाच इमारतीतले होते. तपासात बोट गेलं न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या वाकड्या नळीकडे. ट्रॅपमध्ये पाणी साचून राहिलं तर मैलावाहिनीतली हवा वर येत नाही. तिथे अनेक घरांतले ट्रॅप कोरडे पडले होते, आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा लावला की तो मैलावाहिनीतली दूषित हवा घरात ओढत होता. त्या इमारतीभोवती मैलभर मोकळं मैदान असतं तरी हे टळलं नसतं. वस्तीचं नियोजन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रस्ते आणि बागा येतात, पण प्लंबिंगचा आराखडाही नियोजनच आहे. म्हणूनच खोलीत किती हवा येते हा प्रश्न मी इतका लावून धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा हे प्रमाण सुचवलं. शाळेचा वर्ग असो की बँकेची शाखा, ही हवा मोजता येते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत तो १,०००च्या वर राहू लागला, की आपण एकमेकांनी सोडलेला श्वास घेतो आहोत असं समजावं.

तर आता तुमची आठ माणसांची खोली.

जुलै २०२०मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तपासली गेली. झोपडवस्त्यांत सुमारे ५७ टक्के लोकांना कोविडचा संसर्ग होऊन गेलेला दिसला आणि त्याच प्रभागांतल्या इतर घरांत सुमारे १६ टक्के. प्रभाग तेच, दवाखाने तेच, हमरस्ते तेच. वेगळं होतं ते खोल्यांचं माप आणि सामायिक संडास. हे आकडे मला माहीत होते, तरीही माझ्या लेखात संडासाबद्दल एक ओळ नाही. ही चूक माझी आहे. स्वतःचं न्हाणीघर असलेल्या माणसाच्या जागेवरून मी वस्ती पाहिली.

मग करायचं काय? सगळ्यांना मोठी घरं, हे उत्तर बरोबर आहे, पण त्याला अनेक वर्षं लागतील. तोवर एका शौचकूपामागे किती घरं, याची मर्यादा आधी कमी करायला हवी. संडासाला बाहेरच्या भिंतीत झरोका हवा, हात धुण्याचा नळ आतच हवा, आणि पाण्याची वेळ एवढी तरी लांब हवी की नळकोंडाळ्यावर रांग दाटणार नाही. दुसरी गोष्ट, घरात वेगळी खोली नसेल तर ती वस्तीत हवी. २०२०मध्ये वूहानमध्ये क्रीडागृहं आणि प्रदर्शनाची सभागृहं, तर धारावीत शाळा अशा कामासाठी वापराव्या लागल्या. ही व्यवस्था घाईत करावी लागू नये. शाळा किंवा समाजमंदिर बांधतानाच स्वतंत्र दार, पुरेसे संडास, आरपार वारा आणि वीज गेली तर जनरेटर, एवढं आराखड्यात असलं की एका आठवड्यात तिथे विलगीकरण सुरू होऊ शकतं. आणि ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलं, तर माणसं लक्षणं लपवत नाहीत. आईला कुठे नेलं हे मुलांना दिसत असतं. दवाखाना जवळ हवा असं मी म्हणतो ते यासाठीच.

तरीही 'वस्त्या मोडून विरळ करा' याला मी तयार नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने उजेड-वाऱ्यासाठी ६३.५ अंशांचा नियम आणला, म्हणजे दोन इमारतींमधली मोकळी जागा त्यांच्या उंचीच्या निम्मी तरी हवी. नियम उत्तम होता, आजही लागू करावा असा. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेल्या माणसांना कामाजवळच राहणं भाग होतं, म्हणून ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथल्या खोल्या आणखी भरल्या. नकाशावरची घनता घटली आणि खोलीतली दाटी वाढली.

लेखातला घनतेचा परिच्छेद आज बदलतो आहे. संडास आणि पाण्यावर नवा भाग जोडेन, आणि तो तुमच्या आक्षेपामुळे आला हे तिथेच लिहीन. 'शहरं पसरू द्या' यावर मात्र आपलं अजून जमलेलं नाही. पसरलेल्या शहरात रोजंदारीवरच्या माणसाला आजारी आई घेऊन दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, याचा तुमचा हिशोब वाचायला मला आवडेल.