रजिस्टरवरच्या सह्या मोजणं थांबवा

बारा वर्षं मी मेंटेनन्सला फिटर होतो. गेली नऊ वर्षं कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण देतोय, त्यातलं बरंचसं सरकारी योजनांमधून. म्हणजे या वर्गात मी समोर बसलोय आणि फळ्यापाशी उभाही राहिलोय. सरकारने पैसा द्यायचा, प्रशिक्षण संस्थांनी शिकवायचं आणि कामगाराने शिफ्ट संपल्यावर धडधाकट घरी जायचं, ही भागीदारी मला मनापासून हवी आहे. म्हणूनच ती कुठे वाया जाते ते लिहायला बसलोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

मी फिटर असतानाची गोष्ट. लॉकआउटचं प्रशिक्षण ठेवलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला मशीन चालूच करता येत नाही. शिफ्ट संपवून आम्ही साठेक जण हॉलमध्ये बसलो. सगळ्यात आधी रजिस्टर फिरलं. माझ्या शेजारच्याने स्वतःची सही केली आणि खाली आणखी दोघांच्याही ठोकल्या, कारण ऑर्डर अर्धी राहिली म्हणून ते दोघं लाइनवरच थांबले होते. सुपरवायझरनेच तसं सांगितलं होतं. शिकवणाऱ्याने ते पाहिलं आणि पुढची स्लाइड लावली. दीड तासात एकाही माणसाच्या हातात कुलूप आलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या दोघांपैकी एक जण कन्व्हेयरच्या साखळीत अडकलेला माल काढत होता. पलीकडच्या टोकाला कुणीतरी स्टार्टचं बटण दाबलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो आवाज मी विसरलेलो नाही, पण जिव्हारी लागलं ते नंतरचं. चौकशीत रजिस्टर निघालं. त्या पानावर त्याच्या नावापुढे सही होती. प्रशिक्षण दिलेलं असूनही कामगाराने निष्काळजीपणा केला, असा शेरा मारून फाइल बंद झाली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. खोटं प्रशिक्षण हे प्रशिक्षण नसण्यापेक्षा वाईट. प्रशिक्षण झालंच नसतं तर निदान मालकाला जाब विचारता आला असता. एकदा कागद तयार झाला की सगळी जबाबदारी कामगाराच्या डोक्यावर येऊन बसते.

हे एखाद्या कारखान्यापुरतं नाही. न्यूयॉर्क शहरात मोठ्या बांधकामांवर काम करायचं तर कामगाराला ४० तासांचं सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचं कार्ड लागतं. कायदा चांगला आहे, शहराने मंजूर केलेल्या संस्थांनी ते शिकवायचं. २०२४ मध्ये मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी अशाच एका संस्थेवर खटला भरला. आरोप असा, की तिने जवळपास २०,००० जणांना काहीही न शिकवता कार्डं दिली. त्यातला एक कामगार २०२२ मध्ये पंधराव्या मजल्यावरून पडून गेला. उंचावरून पडण्यापासून कसं वाचायचं हे तो कित्येक तास शिकलाय, असं कागद सांगत होता.

याचं मूळ मला करारांमध्ये दिसतं. बहुतेक योजनांत संस्थेला माणशी पैसे मिळतात. जेवढी डोकी तेवढं बिल. मग संस्था डोकी जमवते, आणि सरकारी कार्यालयात वर्षाअखेरीस सांगायला एक मोठा आकडा तयार होतो. यात कुणी फार दुष्ट असतो असं नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं, एवढंच.

आता दुसरी बाजू, कारण नीट केलं तर हे जमतं. २४ डिसेंबर २००९ रोजी कॅनडात टोरांटोमध्ये एका उंच इमारतीच्या बाल्कन्यांची दुरुस्ती चालू होती. तेराव्या मजल्याच्या उंचीवर टांगलेला पाळणा तुटला. माणसं सहा आणि लाइफलाइन, म्हणजे अंगावरचा पट्टा अडकवायचा दोर, फक्त दोन. पाच जण खाली कोसळले, त्यातले चौघं गेले. नीट बांधून घेतलेला सहावा लटकत राहिला आणि वाचला. त्यानंतर ओंटारिओ प्रांताच्या सरकारने टोनी डीन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली, आणि १ एप्रिल २०१५ पासून बांधकामावर उंचीवर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं झालं. सरकारने नुसती सक्ती केली नाही. अभ्यासक्रम कसा हवा आणि शिकवणारी संस्था कशी हवी, या दोन्हींची मानकं ठरवली आणि दोन्हींना वेगवेगळी मंजुरी ठेवली. हार्नेस, म्हणजे तो अंगावरचा पट्टा, प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय कोर्स पुरा होत नाही, आणि तीन वर्षांनी पुन्हा उजळणी करावी लागते. पुढे इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या तिथल्या संस्थेने अभ्यास केला, तेव्हा उंचीवरून पडून जखमी झालेल्यांचे दावे घटलेले दिसले.

पण मी त्या दोन लाइफलाइनपाशी पुन्हा पुन्हा येतो. हार्नेस कसा घालायचा हे सहाही जणांना तोंडपाठ असतं, तरी उरलेल्या चौघांनी तो अडकवायचा कुठे होता? सुरक्षेच्या क्षेत्रात उपायांची एक उतरंड मानतात. आधी धोकाच काढून टाका, नाहीतर कमी धोक्याचा पर्याय आणा, मग मशीनला गार्ड (जाळी-झाकण) आणि ते उघडताच मशीन थांबवणारं इंटरलॉक बसवा, त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. प्रशिक्षण त्यात वरून चौथं आहे. मी स्वतः प्रशिक्षक असून हे सांगतोय. याच कॅनडातल्या संस्थेने अमेरिकेच्या नायोश या सरकारी संशोधन संस्थेबरोबर प्रशिक्षणावरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले होते, ते २०१२ मध्ये छापून आलं. निष्कर्ष असा, की प्रशिक्षणाने माणसाची काम करण्याची पद्धत नक्की सुधारते, पण नुसत्या प्रशिक्षणाने दुखापती कमी होतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. मला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही.

मग आमच्यासारख्यांचा उपयोग काय? माझ्या मते फार मोठा. शॉप फ्लोअरवर काय तुटलंय हे कामगार इन्स्पेक्टरला सांगत नाही, नोकरीची भीती असते. मालकही त्याला दाखवत नाही, दंडाची भीती असते. प्रशिक्षकाशी मात्र दोघंही मोकळेपणाने बोलतात. हा विश्वास योजनेत वापरला पाहिजे, आणि तो मोडणारही नाही हे पाहिलं पाहिजे. अमेरिकेत ओशाची, म्हणजे कामगारांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याची, छोट्या उद्योगांसाठी मोफत सल्ल्याची सोय आहे. सल्लागार येतो, धोके दाखवतो, दंड होत नाही, माहिती गुप्त राहते. अट एकच: गंभीर धोका सापडला तर ठरलेल्या मुदतीत तो दुरुस्त करायचा. नाही केला तर प्रकरण कारवाई करणाऱ्यांकडे जातं. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. प्रशिक्षकाला खबऱ्या करू नका, पण त्याने पाहिलेला धोका त्याच्या वहीतच मरून जाईल असंही करू नका.

खर्चाचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात स्पष्ट म्हटलंय की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. ज्याला स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या सुट्टीत कार्ड मिळवावं लागतं तो स्वस्तातलं आणि झटपट मिळणारं कार्डच शोधणार. शिफ्टच्या वेळात, पगारी, मोफत. यात तडजोड नको.

आणखी एक गोष्ट सलते. त्याच संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे २९ लाख माणसं कामामुळे मरतात. त्यात अपघाताने जाणारे साधारण ३ लाख ३० हजार. बाकीचे, म्हणजे जवळपास २६ लाख, कामातून जडलेल्या आजारांनी जातात. आणि आमचे कोर्स पाहा! आग, उंची, क्रेन, वीज. दगड कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीवर, सॉल्व्हंटच्या वाफेवर, कान निकामी करणाऱ्या आवाजावर दहा मिनिटंही मिळत नाहीत. धुळीचा बळी वीस वर्षांनी घरी खोकत मरतो, तो कुठल्याच योजनेच्या अहवालात येत नाही.

करार करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी एक मागणी आहे. संस्थेच्या बिलाचा एक मोठा हिस्सा रोखून ठेवा. तीन महिन्यांनी प्रशिक्षकाला त्याच जागी परत पाठवा, सोबत तुमचा माणूस द्या, आणि शिकवलेलं कामात उतरलंय का ते बघून उरलेले पैसे द्या. कामगाराला मेन स्विचपाशी न्या आणि म्हणा, कुलूप लाव. कुलूप लावून झाल्यावर तो स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय का हे तपासतो का? हवेची लाइन बंद केल्यावर सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा सोडतो का? पाच मिनिटांत कळतं.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या युनिटमध्ये शिकवायला गेलो होतो. वर्ग घेण्याआधी फ्लोअरवर चक्कर मारली. जुनी पॉवर प्रेस होती, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच खाली येणारी, म्हणजे हात डायपासून (दाबून आकार देणाऱ्या साच्यापासून) लांब राहतात. त्यातल्या एका बटणात रबराचा तुकडा खुपसून ते कायमचं दाबून ठेवलेलं. चालवणाऱ्या दादांना विचारलं, हे का? त्यांनी आधी सुपरवायझरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, पीस डायला चिकटतो. चिमटा होता, तो तुटला. एका हाताने पीस ढकलायला लागतो." चिमटा तुटून आठ महिने झाले होते. त्या दिवशी मी स्लाइड उघडल्याच नाहीत. सगळ्यांना प्रेसभोवती उभं केलं, मालकांनाही बोलावलं, आणि दादांनाच सगळं सांगायला लावलं. मालक मन लावून ऐकत होते, त्यांना हे खरंच ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. रबर निघालेलं, दोन्ही बटणं मोकळी, आणि प्रेसच्या बाजूला खिळ्यावर एक सोडून तीन चिमटे लटकवलेले. दादांनी लांबूनच हात वर करून दाखवला. ही दुसरी फेरी करारात नव्हती, मी रजा टाकून गेलो होतो.