मुंबईत चिखल नसतो का?

काल स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, नेस गावच्या माळावर पीट कापताना, शेजारच्या क्रॉफ्टवरच्या, म्हणजे कुळाने कसायच्या छोट्या शेतावरच्या, आजोबांनी मला हा प्रश्न विचारला. असतो, आजोबा. फक्त तो आम्ही एकमेकांकडे फेकत नाही, त्यात गाड्या अडकवतो.

पीट म्हणजे दलदलीत साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ नि झाडोरा; कापून, वाळवून सरपणासारखं जाळायचं. ताजं असताना त्यात दहातले नऊ भाग पाणीच. आधी वरची हिरवळ सोलायची आणि खालच्या चरात गवत वर करून अंथरायची, म्हणजे माळ पुन्हा धरतो. मग तारश्केर, म्हणजे लांब दांडा, पाय द्यायला खुंटी आणि काटकोनी पातं. एकाने काठावरून कापायचं, दुसऱ्याने चरात उभं राहून निसटती लादी झेलायची नि वर भिरकवायची. चरात कोण होतं, सांगायला नको.

आजोबा वर, हात खिशात.

"उंच फेक."

फेकली.

"एवढी नको, फुटेल."

फुटली.

"आता पुढची तिच्यावर पडली बघ."

"तुम्ही दाखवता का?"

"माझी पाठ..."

पाठ धरून दोन तास उभं राहता येतं, वाकता मात्र येत नाही! तेवढ्यात वारा पडला आणि मिज उठले. वारा असला तर हे किडे उडत नाहीत, थांबला की कानात, नाकात, भुवयांत. माझे दोन्ही हात चिखलाचे. आजोबांना एक चावेना. म्हणे, "तुझं रक्त नवीन आहे."

एप्रिल-मेमध्येच कापायचं. आधी कापलं तर ओली लादी थंडीने गोठून तिचा भुगा, उशीर झाला तर वाळायला ऊन उरत नाही. साल धरली की चार-पाच लाद्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. घाई केली की मोडतात, आळस केला की खालून ओल्याच.

१८८६ च्या कायद्याने जमीनदाराला क्रॉफ्टरला, म्हणजे क्रॉफ्ट कसणाऱ्या कुळाला, मनाला येईल तसं हुसकावता येईना, हे उत्तम झालं. पण आता कुळहक्कच बाजारात एवढ्या चढ्या भावाने विकले जातात, की इथल्या पोरांना ते परवडत नाहीत. मग माळावर हात देणारे तरुण येणार कुठून? उरतात ते सल्ले देणारे.

त्यात भर मेंढ्यांची. सामायिक कुरणात कुणी किती चारायच्या, याचा वाटा ठरलेला असतो. आजोबांच्या वाट्याच्या नेमक्या आमच्या लाद्या तुडवत जातात. तक्रार कुरण समितीकडे करायची, आणि समितीवर कोण? आजोबा.