प्लाझ्मा केमिस्ट्रीवरचा पैसा पाण्यात जातो म्हणे

एक मेसेज बऱ्याच जणांकडे आला असेल, त्याचं म्हणणं असं: अंतराळातलं वातावरण आणि प्लाझ्मा केमिस्ट्री (प्लाझ्मा म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि विद्युतभारित अणू असलेला वायू, त्यातल्या रिअ‍ॅक्शन्सचा अभ्यास) असल्या रिसर्चला सरकारं पैसा देतात ती निव्वळ उधळपट्टी आहे, कारण वर पोकळीच आहे, ज्या रिअ‍ॅक्शन्स मोजायच्या त्या कधीच मोजून झाल्यात, राहिलं ते खासगी कंपन्या बघतील, नाहीतर हे सगळं हवामान बदलायचं हत्यार आहे, आणि लगेच उपयोग तर काहीच नाही. पाचही मुद्दे घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

पोकळी. स्पेस स्टेशन फिरतं त्या 400 किलोमीटरवरही एका घनसेंटीमीटरमध्ये साधारण दहा कोटीच्या घरात ऑक्सिजनचे सुटे अणू असतात. सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि हवा इतकी विरळ की ते अणू परत जुळायला एकमेकांना सापडतच नाहीत. सॅटेलाइट सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगाने त्यांच्यावर आदळत जातो. नासाने 1984 साली एलडीईएफ नावाचा बसएवढा सॅटेलाइट मटेरियलचे नमुने लावून वर सोडला आणि 1990 च्या जानेवारीत परत आणला, तर पुढच्या तोंडाच्या पातळ प्लास्टिक फिल्म्स काही ठिकाणी पार नाहीशा झाल्या होत्या. हे पोकळीने केलं म्हणायचं का?

दुसरा मुद्दा, सगळं मोजून झालंय. हा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण जरा माहिती असलेले लोकही असंच बोलतात. 2013 च्या मे महिन्यात अमेरिकन एअर फोर्सच्या रिसर्च लॅबने पॅसिफिकमधल्या क्वाजालेन बेटांवरून दोन रॉकेट्स सोडली आणि पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास समेरियम धातूची वाफ सोडली. कल्पना अशी की समेरियमचा अणू ऑक्सिजनच्या अणूला चिकटतो, त्यात इतकी ऊर्जा सुटते की एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, म्हणजे सूर्यप्रकाशाची गरज न लागता प्लाझ्माचा ढग तयार होतो. असा ढग आयनोस्फिअरमधली, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातली खळबळ, जिच्यामुळे रेडिओ सिग्नल लटपटतात, ती शांत करू शकेल का हे बघायचं होतं. ढग झाला, पण इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. मग लॅबमध्ये ही रिअ‍ॅक्शन नव्याने मोजली, तेव्हा लक्षात आलं की ज्या जुन्या आकड्यावर हिशोब केला होता तोच चुकीचा होता, प्रत्यक्षात सुटणारी ऊर्जा कितीतरी कमी, जेमतेम शून्याच्या वर. म्हणजे छापील आकडा चुकीचा होता आणि ते कळलं दोन रॉकेट्स उडवल्यावर! लॅबमधलं मोजमाप आधी झालं असतं तर ते स्वस्तातच पडलं असतं ना.

शिवाय भरपूर आकडे खोलीच्या तापमानाला घेतलेले असतात. पृथ्वीवर परतणाऱ्या यानाभोवतीची हवा हजारो अंश तापते, तिथे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू एकत्र येताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या प्लाझ्मामुळेच यानाचा रेडिओ काही मिनिटं बंद पडतो. खोलीतला आकडा ओढूनताणून तिथे लावायचा आणि मॉडेल बरोबर येईल अशी आशा करायची, याला काही अर्थ नाही.

खासगी कंपन्या करतील म्हणे. 3 फेब्रुवारी 2022 ला स्पेसएक्सने 49 स्टारलिंक सॅटेलाइट सोडले, नेमकं त्याच वेळी एक भूचुंबकीय वादळ (सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी उलथापालथ) आलं, तेही काही फार मोठं नव्हतं, पण वरची हवा तापून फुगली, ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढला आणि त्यातले 38 गेले. आता ही हवा थंड कशी होते? बरीचशी नायट्रिक ऑक्साइडमुळे, ते उष्णता इन्फ्रारेडमध्ये बाहेर टाकतं आणि वादळात ते किती तयार होतं हा सरळसरळ या केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. कंपन्या रॉकेट उत्तम बनवतात, मान्य. पण रिअ‍ॅक्शनचा वेग हा आकडा कोण विकत घेणार? एकाने मोजून छापला की स्पर्धकाला फुकट मिळतो, म्हणून कंपनी एकतर मोजणारच नाही किंवा मोजला तर दाबून ठेवेल.

हत्यारवाल्या मुद्द्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. पैसा सैन्याकडूनही येतो हे खरंय, वरचं समेरियमचंच उदाहरण बघा, आणि त्याचेही पेपर जर्नलमध्ये छापलेले आहेत. हार्पचं, म्हणजे रेडिओ लहरी सोडून आयनोस्फिअरचा अभ्यास करणाऱ्या अलास्कातल्या केंद्राचं नाव हमखास निघतं म्हणून सांगतो, ते 2015 पासून अलास्का विद्यापीठाकडे आहे, आणि ढग-पाऊस घडतो खालच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये, जिथून हार्पच्या रेडिओ लहरी जवळपास न शोषल्या जाता वर निघून जातात.

आणि "लगेच उपयोग काय". सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौर वादळात कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत चुंबकीय रीडिंग्ज घेतली जात होती, त्यात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण नोंदली गेली. म्हणजे उपयोग व्हायला जवळपास दीडशे वर्षं लागली: हीच नोंद घेऊन 2003 साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद नव्याने काढली आणि आज वीजग्रिडला जास्तीत जास्त किती धोका आहे हे बघताना तेच वादळ समोर ठेवतात. 1989 च्या मार्चमध्ये कॅनडातलं क्युबेक त्याहून कमी ताकदीच्या वादळात नऊ तास अंधारात होतं.

पैशावर प्रश्न विचारायचेच असतील तर जरूर विचारा, फक्त असे विचारा ना की करदात्याच्या पैशातून मोजलेला आकडा जर्नलच्या पेवॉलमागे, म्हणजे पैसे भरल्याशिवाय वाचता येणार नाही असा, का बसलाय, आणि चुकीचा ठरलेला जुना आकडा ज्या मॉडेल्समध्ये घातलाय तिथून तो काढायचं काम कुणाच्या बजेटमध्ये आहे.