तास भरले, पण काम आलं का?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ठरावीक तास समाजसेवा करायची ती राष्ट्रीय सेवा योजना सक्तीची करावी का, तिचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरावेत का, शिबिराच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या वेळी काही वजन असावं का, हा वाद नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून महाराष्ट्रात पुन्हा रंगला आहे. जर्मनीत राहून तो वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू तासांबद्दल बोलतात, पण त्या तासांत मुलगा किंवा मुलगी नेमकं काय शिकते, याबद्दल कुणी बोलत नाही.

वाद नवा नाही. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तरुणांना नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहता ती मान्य झाली नाही. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या पद्धती अभ्यासल्या आणि सेवा ऐच्छिक ठेवावी असं सुचवलं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणूनच.

जर्मनीतही हेच भांडण चालू आहे. १ जुलै २०११ पासून इथली सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली आणि तिला पर्याय म्हणून रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत केली जाणारी नागरी सेवाही संपली. त्याच दिवशी केंद्र सरकारची ऐच्छिक सेवा सुरू झाली. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी सर्वांसाठी काही काळ समाजसेवा बंधनकारक करण्याचा विचार मांडला आणि चर्चेला पुन्हा तोंड फुटलं. सक्ती की स्वेच्छा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. काम करण्याआधी तरुणाला काय शिकवलं, ते आलं की नाही हे कुणी तपासलं आणि पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी त्याची कुणी वाट पाहणार आहे का, हे तीन प्रश्न आधी सुटायला हवेत.

इथलं सर्वांत बोलकं उदाहरण अग्निशमन दलाचं आहे. पूर्णवेळ व्यावसायिक दल असलेली शहरं देशात शंभराहून थोडीच अधिक. बाकीच्या गावांत आणि लहान शहरांत आग विझवायला येतो तो सुतार, शिक्षक, बँकेतला कारकून, विद्यार्थी. असे सुमारे दहा लाख स्वयंसेवक आहेत आणि त्यांना या कामाचा पगार नाही. मुलं साधारण दहाव्या वर्षी युवा दलात येतात. दर आठवड्याला सरावाची संध्याकाळ असते. तिथे गाठी मारायला, नळी जोडायला, आपत्कालीन फोनवर नेमकी माहिती द्यायला शिकवतात आणि जोडीला खेळ, सहली असतात. पंधरा ते अठरा या वयात एक मानाचं पदक मिळवता येतं, पण ते एकट्याला मिळत नाही. पूर्ण गटाने आग विझवण्याची कवायत, वेळ लावून नळ्यांची रांग टाकणं, १५०० मीटरची रिले, गोळाफेक आणि प्रश्नोत्तरं अशा पाच गोष्टी पार कराव्या लागतात. गोळाफेकीतही प्रत्येकाचं अंतर मिळवून गटाची बेरीज धरतात, म्हणजे दुबळ्या मुलाला वगळून चालत नाही.

प्रौढ दलात आल्यावर पायाभूत प्रशिक्षणाचा पहिला भाग किमान ७० तासांचा. प्रथमोपचार त्यातच येतात. राज्याराज्यांत रचना थोडी बदलते, पण शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असतेच. नंतर दोन वर्षांत आपल्याच गावच्या दलात आणखी ८० तास. बिनतारी संदेशाचं प्रशिक्षण वेगळं, पंप चालवण्याचं वेगळं. धुरात शिरण्यासाठी पाठीवर हवेचं सिलिंडर लावायचं, तर २५ तासांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणि वैद्यकीय तपासणी. ही पात्रता एकदा मिळाली की जन्मभराची झाली, असंही नाही. दरवर्षी सिलिंडर लावून अडथळ्यांच्या सरावमार्गातून एक फेरी आणि प्रत्यक्ष प्रसंगासारखा एक सराव करावाच लागतो. तो चुकला की पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला धुरात पाठवत नाहीत, मग तो वीस वर्षं दलात असो.

आपल्याकडच्या चर्चेत सगळ्यात कमी ऐकू येते ती हीच गोष्ट. इथे स्वयंसेवा हा शिक्षणाचाच एक प्रकार आहे, आणि शिक्षण आहे म्हणून त्यात परीक्षा आहे, नापास होणं आहे, पुन्हा शिकणं आहे. शिवाय मागे कायद्याचा आधार आहे. कामावर असताना भोंगा वाजला, तर मालकाला त्या कर्मचाऱ्याला सोडावं लागतं, पगार चालू ठेवावा लागतो आणि खाजगी मालकाला ती रक्कम नगरपालिकेकडून परत मागता येते. अपघात झाला तर सार्वजनिक अपघात विम्याचं संरक्षण आहे. नुसत्या भावनेवर हे दल दीडशे वर्षं टिकलं नसतं.

दुसरा नमुना म्हणजे ऐच्छिक सामाजिक वर्ष. १९६४ च्या कायद्याने ते आलं. शाळा संपलेले, २७ वर्षांखालचे तरुण सहा ते अठरा महिने रुग्णालयात, बालवाडीत, अपंगांच्या संस्थेत पूर्णवेळ काम करतात. पगार नाही, पण हातखर्च मिळतो आणि त्यावर कायद्याने कमाल मर्यादा आहे. आरोग्य आणि निवृत्तीविम्याचे हप्ते संस्था भरते. बारा महिन्यांमागे २५ दिवस चर्चासत्रांचे, आणि तेही सेवेचाच भाग. वृद्धाश्रमात पहिला मृत्यू पाहिलेली अठरा वर्षांची मुलगी तिथे आपल्या वयाच्या इतरांशी बोलते आणि प्रशिक्षित मार्गदर्शक समोर असतो. या २५ दिवसांमुळेच त्या वर्षाला शिक्षण म्हणता येतं. आणखी एक नियम असा की, स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही.

हा नियम मोडला जातो, हेही सांगायला हवं. माणसं कमी असलेल्या वॉर्डात स्वयंसेवकाच्या नावावर पाळ्या लागतात. म्युनिकसारख्या शहरात हातखर्चात खोलीचं भाडं निघत नाही, म्हणून आईवडिलांच्या घरी राहू शकणाऱ्या मुलांनाच हे वर्ष परवडतं. भारतातले तरुणही या सेवेसाठी येतात; त्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं की ही नोकरी नाही, आणि जो दलाल ती नोकरी म्हणून विकतो, तो फसवतो आहे. गावच्या अग्निशमन दलांनाही दिवसा माणसं मिळेनाशी झाली आहेत, कारण तरुण कामासाठी पन्नास किलोमीटर दूर जातात. तेव्हा इथलं उचलून तिथे लावावं, असं माझं म्हणणं नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचं गणित यासमोर ठेवून पाहू. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं. १२० पैकी २० तास प्रशिक्षणाचे, महाविद्यालयाच्या आवारातलं काम ३० तासांपर्यंत, उरलेले ७० दत्तक गावात किंवा वस्तीत. शंभर विद्यार्थ्यांमागे एक कार्यक्रम अधिकारी, तोही आपला विषय शिकवून हे सांभाळणारा प्राध्यापक. शिबिराला साधारण निम्मे विद्यार्थी जातात. कागदावर रचना वाईट नाही. २४० तास हा मोठा ऐवज आहे. इथला अग्निशामक दीडशे तासांत पायाभूत प्रशिक्षण पुरं करतो.

मग बिघडतं कुठे? प्रशिक्षणाचे २० तास बहुतेक ठिकाणी उद्घाटन, योजनेचा इतिहास आणि पाहुण्यांची व्याख्यानं यांत जातात. हाताला काही येत नाही. त्यात शिबिराचं वेळापत्रक परीक्षांच्या सोयीने ठरतं, कामाच्या सोयीने नाही. ओढ्याचं पाणी अडवणारा वनराई बंधारा हे शिबिरांचं लाडकं काम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंड शिवून, विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे असतात. हा बंधारा पाऊस ओसरल्यावर, ओढा अजून वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात घालायला हवा. शिबिरं भरतात डिसेंबर-जानेवारीत. तोवर कित्येक ओढ्यांत अडवायला पाणीच उरत नाही. गोण्यांत नुसती वाळू भरली तर पाणी झिरपून जातं. दोन्ही काठांत खोदून गोण्या आत घुसवल्या नाहीत, तर पाणी बाजूने काठ कापून वाट काढतं. उन्हाने प्लॅस्टिकची गोणी विरते, म्हणून बंधारा दरवर्षी नव्याने घालावा लागतो. फोटोत मात्र पहिल्या दिवशी तो उत्तमच दिसतो.

वृक्षारोपणाचंही तसंच. रोप जुलैत लागतं, ते जगणार की नाही हे एप्रिल-मे ठरवतो, आणि तेव्हा विद्यार्थी परीक्षेत किंवा आपापल्या गावी असतात. पाणी घालणारा नेमलेला नसेल, तर दोनशे खड्ड्यांपेक्षा वीस खड्डे बरे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘शिकवायला’ जाणाऱ्या गटांची गफलत वेगळी आहे. इयत्तेनुसार मुलं बसवून कविता म्हणून घेतल्याने वाचन येत नाही. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने रुजवलेली पद्धत साधी आहे. प्रत्येक मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी काय वाचता येतं ते एकेकट्याने तपासायचं, इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे आणि रोज ठरावीक वेळ, काही आठवडे सलग काम करायचं. आठवड्यातून एक शनिवार जाऊन हे होत नाही. दहा स्वयंसेवकांनी आळीपाळीने रोज कुणीतरी जायचं ठरवलं, प्रत्येक मुलाची पातळी एका वहीत लिहून ठेवली आणि पुढच्याने ती वाचूनच वर्ग सुरू केला, तर होतं.

आधी शिकवा आणि मग कामाला लावा, हे सूत्र महाराष्ट्राला परकं नाही, उलट आपण ते फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१६ साली तीन तालुके होते, २०१८ पर्यंत पंचाहत्तर झाले. तिथे कुदळ हातात घेण्याआधी गावातल्या निवडक बायका-पुरुषांना निवासी प्रशिक्षण होतं. उतार कसा मोजायचा, माथ्यापासून पायथ्याकडे का यायचं, हे शिकूनच माणसं श्रमदानाला उतरली. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स या गिर्यारोहकांच्या संस्था दऱ्यांत अडकलेल्यांना काढतात, ते दोराचा सराव वर्षभर चालतो म्हणून. सरकारच्या आपदा मित्र या आपत्तीतल्या मदतीच्या योजनेत पूरप्रवण भागातल्या तरुणांना बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि साहित्याचा संच मिळतो. बारा दिवस पायाला पुरेसे आहेत, पण उजळणी नसेल तर छातीवर दाब देण्याची लय वर्षभरात विसरते आणि गाठ बोटांतून जाते.

म्हणून श्रेयांक द्यायला माझा विरोध नाही, तासांना श्रेयांक द्यायला आहे. हजेरीपटावरच्या सह्यांनी साठ तास भरतात आणि दोन श्रेयांक पदरात पडतात, हे विद्यार्थ्यालाही कळतं, आणि समाजकार्य म्हणजे सही हेच तो शिकतो. त्यापेक्षा पहिल्या वर्षीच्या १२० तासांतले निदान ६० तास कौशल्याला द्यावेत. प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यावरची मदत यांना १६ तास. दोर, गाठी, स्ट्रेचर, पुराच्या पाण्याजवळची सुरक्षितता यांना २०. वाचनपातळी तपासणं आणि गट चालवणं १२. घरोघरी माहिती गोळा करून गावाचा नकाशा काढणं, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, बोअर कुठे, उंच जागा कुठे, याला उरलेले १२. शेवटी बाहेरच्या परीक्षकाकडून प्रात्यक्षिक. नापास झाला तर पुन्हा संधी, पण उत्तीर्ण झाल्याशिवाय श्रेयांक नाही. दुसऱ्या वर्षी त्याच गावात काम, पहिल्या वर्षीच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी आणि जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, सहा तासांची उजळणी.

प्रथमोपचाराच्या सरावाला दहा विद्यार्थ्यांमागे छातीवर दाब देण्याच्या सरावाचा एक तरी पुतळा हवा. शंभर जणांना एकाच पुतळ्यावर प्रात्यक्षिक ‘दाखवणं’ म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्रत्येक महाविद्यालयाला हे साहित्य परवडणार नाही, तेव्हा तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक संच घ्यावा. प्रशिक्षकांसाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नगरपालिकेचं अग्निशमन दल, रेडक्रॉस आणि गिर्यारोहण संस्था यांच्याकडे जावं आणि त्यांना मानधन द्यावं. कार्यक्रम अधिकाऱ्याचे तास अध्यापनाच्या कार्यभारात धरावेत, नाहीतर चांगला माणूस मुदत संपताच हात जोडून बाजूला होतो आणि गावाशी जुळलेलं नातं त्याच्याबरोबर संपतं. त्या गावाची वही, नकाशा, पातळीनोंदी महाविद्यालयाकडे राहाव्यात, अधिकाऱ्याच्या कपाटात नव्हेत. आणि अपघात विम्याची लेखी तजवीज दाखवल्याशिवाय शिबिराला परवानगी मिळू नये.

सक्ती केली तर यातलं काहीच सुधारणार नाही, फक्त सह्यांची संख्या वाढेल. ज्या संस्थेकडे शंभरांना शिकवायला माणूस नाही, तिच्याकडे हजार पाठवणं हा त्या हजारांवर आणि गावावरही अन्याय आहे.

सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. शिबिराचा आठवडा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात आणायचा तर सत्रपरीक्षा आडव्या येतात, ही खरी अडचण आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा अनेक ठिकाणी महाविद्यालयंच घेतात. ती तारीख दिवाळीच्या आधी किंवा शिबिराच्या नंतर सरकवण्याची मुभा विद्यापीठाने परिपत्रकाने दिली, तर पुढच्याच हंगामात विद्यार्थी वाहत्या ओढ्यावर कामाला उभे राहू शकतात.