मेणसी गल्लीतलं घर गोदामाला देण्याआधी

ताई, तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं असं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बेळगावच्या मध्यवस्तीत लोकांनी राहत राहायला हवं, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मेणसी गल्लीत तुम्ही 12 वर्षं संसार केलात. अंधारा जिना, एक न्हाणी आणि माणसं नऊ, पाणी येईल त्या दिवशी पहाटेपासून भांडी भरायची, दारासमोर मालाचे टेम्पो. सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडली आणि त्यांना खुर्चीत बसवून न्यावं लागलं. आता तुम्ही रामतीर्थनगरच्या नव्या वसाहतीत आहात, सुखात आहात, आणि जुन्याच्या प्रेमापोटी मी लोकांना गल्लीत अडकवते, असा तुमचा आक्षेप आहे. शेवटी तुम्ही हेही लिहिलंत की ते घर आता गोदामाला द्यायचं चाललंय.

तुमचे कष्ट खरे आहेत. माझ्या सासूबाईंनी, जावांनी आणि मीही ते काढले आहेत. राकसकोप धरणाचं पाणी 1962 पासून शहराला मिळतं, तरी जुन्या घरांतल्या बाईच्या कमरेवरची घागर त्यानंतरही कितीतरी वर्षं सुटली नाही. गल्लीचं कौतुक करताना घरातल्या बाईचे हे हाल विसरून चालत नाही, हे मला पूर्ण मान्य.

पण रुग्णवाहिकेचं बघा. ती गल्ली अरुंद म्हणून अडली असं तुम्ही म्हणता. त्याच गल्लीतून पहाटे पाचला भरलेला ट्रक जातो. दुपारी तिथे दोन्ही बाजूंना दुचाक्या दाटीनं लावलेल्या असतात आणि मधोमध टेम्पो उभा करून हमाल पोती उतरवत असतात. वाट असते, ती अडवलेली असते. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली करत फिरतात, तेव्हा एवढ्या उंच रथांना वाट मिळते ना? त्या रात्रीसाठी दुचाक्या हलतात, टेम्पो बाहेर थांबतात, लोंबणाऱ्या वायरी काठीनं वर धरायला पोरं उभी असतात. जी शिस्त रथाला मिळते ती छातीत दुखणाऱ्या माणसाला रोज मिळाली पाहिजे. माल उतरवायची वेळ ठरवून द्यायची आणि पाळायला लावायची, एवढंच काम आहे. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आपलं नाव आलं. हे काम करायला तसल्या योजनेतला एक रुपयाही लागत नाही. लागतात ती त्यासाठी मागे लागणारी माणसं, आणि ती गल्लीत राहणारीच असतात. गोदामं अर्ज घेऊन नगरसेवकाच्या दारात जात नाहीत.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. मला गाडी चालवता येत नाही. माझ्या सासूबाईंना तर चष्म्याशिवाय समोरचा माणूस ओळखू येत नाही. तरी दर सोमवारी त्या एकट्या कपिलेश्वराला जाऊन येतात. वाटेत फुलं घेतात, ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटं टेकतात, परत येताना औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवून गोळ्या आणतात. त्यासाठी त्यांना मुलाची सुट्टी बघावी लागत नाही, की सुनेला "सोडतेस का गं" म्हणावं लागत नाही. त्यांच्याच वयाची माझी मावशी कणबर्गी रोडला प्रशस्त बंगल्यात राहते. हवा छान, बाग छान. पण देवळात जायचं तर मुलगा ऑफिसातून यायची वाट बघते, आणि तो दमून आला की "राहू दे आज" म्हणते. बंगल्याला मी नावं ठेवत नाही. पण जिथं प्रत्येक कामाला चाक लागतं, तिथं ज्याच्या हातात किल्ली नाही त्याचा दिवस दुसऱ्याच्या सवडीवर चालतो, आणि आपल्याकडे तो दुसरा बहुतेक वेळा घरातला पुरुष असतो. म्हणूनच, ताई, गल्लीचं कौतुक पुरुषांनीच करावं हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. पायी पोचता येणारं गाव सगळ्यात जास्त बाईच्या, म्हाताऱ्याच्या आणि शाळकरी पोराच्या उपयोगाचं असतं.

गणपत गल्लीत सकाळी उभं राहा. कडोली, येळ्ळूर, सांबऱ्याकडच्या बायका बुट्ट्या घेऊन बसलेल्या असतात. 2023 च्या जूनपासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, त्यामुळे भाजी विकून येणाऱ्या पैशातला तिकिटाचा वाटा वाचतो. मेथीची पेंडी हातात घेऊन गिऱ्हाईक मराठीत भाव करतं, भाजीवाली शेजारणीशी कन्नडमध्ये बोलत सुट्टे मोजते, आणि पलीकडचा लिंबूवाला दोघींना उर्दूत काहीतरी सांगून हसवतो. 2019 मध्ये घाऊक भाजीबाजार कॅन्टोन्मेंटमधून बाजार समितीच्या (एपीएमसी) यार्डात गेला, पण ही किरकोळ विक्री इथंच राहिली, कारण पिशवी घेऊन खाली उतरणारं गिऱ्हाईक इथं राहतं. ते गिऱ्हाईक गेलं की या बायका बसतील कुठं?

आणि आपल्या भाषेचंही यात आहेच. सार्वजनिक वाचनालय 1848 चं. तिथं वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे आसपासच्या गल्ल्यांतून चालत येतात. मराठी शाळांचे वर्ग, मंडळांची पोरं, हळदीकुंकवाला दहा घरं एका संध्याकाळी करणाऱ्या बायका, हे सगळं घराला घर लागून आहे म्हणून चाललंय. 1956 मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपण इथं मराठी टिकवली म्हणतो. ती मोर्च्यांनी टिकली तशी या शेजारानंही टिकली.

बाहेर जायची ओढ नवी नाही. ठळकवाडीची नवी वसाहत करायची म्हणून नगरपालिकेनं जागा मागितली आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना इथून कारखाना हलवावा लागला. त्याची किर्लोस्करवाडी झाली, आपल्याकडे किर्लोस्कर रोड राहिला. ठळकवाडी चांगली वसली, तिथं राहणारे सुखी आहेत. वसाहती व्हाव्यात, पण त्यासाठी मधलं गाव रिकामं करायची गरज नसते.

राहता राहिलं तुमचं घर. गोदामाचं भाडं जास्त येतं आणि भाडोत्र्याची कटकट नाही, हे मला कळतं. पण आमच्या शेजारच्या वाड्याचं काय झालं ते सांगते. खालचा गाळा चपलांच्या दुकानाला, वरचे दोन्ही मजले खोक्यांनी भरलेले. मंगळुरी कौलं फुटली तशी कुणी बदलली नाहीत, दोन पावसाळ्यांत वासे कुजले. परड्यातल्या विहिरीत थर्माकोल टाकतात. रात्री नऊनंतर तिथं एक दिवा नसतो, आणि त्या लाकडी माळ्यावर शॉर्टसर्किट झालं तर कळणार आम्हाला, तेही धूर आमच्या खिडकीत आल्यावर.

तुमच्या उताऱ्यावर दिरांची नावं असतील, सगळ्यांची संमती लागेल, ते सोपं नाही. तरी एक विचारते. वरच्या मजल्यावर न्हाणी आणि संडास वेगळे करून घेतले, जिन्याला कठडा आणि दिवा बसवला, तर ते घर कुटुंबाला देता येईल. खानापूरहून रोज येऊन-जाऊन नोकरी करणारी एक परिचारिका आणि तिची आई मध्यवस्तीत जागा शोधताहेत. गोदामाएवढं भाडं देणार नाहीत, डिपॉझिट मात्र देतील. दिरांशी बोलणं अवघड वाटत असेल तर कळवा, मी येते बरोबर. येत्या रविवारी घर बघता येईल का?