बाक काढून मांडलेली पंगत

परवा एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की अमेरिकेतली एपिस्कोपल (म्हणजे अँग्लिकन पंथाची) चर्चेस रविवारी ओस पडतायत, म्हातारी चारदोन डोकी उरलीत. असेल बाबा, रविवारचं मी काय बोलू, मी पडलो देशस्थ माणूस. पण न्यूयॉर्कला होतो तेव्हा ऑफिसच्या एका मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून नाइन्थ अव्हेन्यूवरच्या होली अपॉसल्स या एपिस्कोपल चर्चमध्ये रविवार सोडून मधल्या वारी मदतीला जायचो, तिथली गर्दी बघा एकदा! तिथलं सूप किचन, म्हणजे गरजूंना फुकट जेवण, १९८२ पासून चालू आहे, नाव-गाव-धर्म काही विचारायचे नाहीत, ट्रे उचलायचा नि बसायचं. आणि बसायचं कुठे, तर थेट चर्चच्या मुख्य हॉलमध्ये, वर रंगीत काचा, खाली गोल टेबलं. १९९० ला मोठी आग लागली होती, छप्पर गेलं, तरी दुसऱ्या दिवशी मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण वाढलंच. नंतर दुरुस्ती केली तेव्हा फिक्स बाक परत बसवलेच नाहीत, म्हणून तर पंगत आत आली. मला हा निर्णय फार आवडतो, आपल्याकडे अन्नछत्र असतं पण गाभाऱ्यासमोर कोण पानं मांडू देईल?

माझ्याकडे टेबलं पुसायचं काम असायचं. एक आजोबा रोज ब्रेडचा एक तुकडा पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात टाकायचे, मग माझ्याकडे बघून डोळा मारायचे. मी दुसरा तुकडा सरकवायचो, नियमात बसत होतं की नाही देव जाणे.

तेव्हा फक्त रविवारची डोकी मोजू नका, मंगळवारी दुपारी जाऊन बघा.