चौदा नंबरचा मुलगा

मेडिसिन वॉर्ड, नाइट ड्यूटी. आम्ही दोघी सिस्टर आणि पेशंट बासष्ट, त्यातले काही खाली गादीवर. पहाटे तीनच्या सुमारास चौदा नंबरच्या बेडवरच्या पेशंटचा मुलगा टेबलापाशी आला. "सिस्टर, जरा बघता का?" मी इंजेक्शनं भरत होते. मान वर न करताच म्हणाले, "बसा जागेवर, येते मी."

तो हलला नाही. त्याने कॅलेंडरचं एक फाटकं पान पुढे धरलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने वेळा आणि वडिलांच्या लघवीचे आकडे, मिलिलिटरमध्ये. नऊला चाळीस, दहाला पस्तीस, मग वीस, आणि शेवटच्या दोन तासांत मिळून दहा. युरोबॅगवरच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीवरच्या, खुणा कशा वाचायच्या हे दुपारच्या सिस्टरने त्याला जाता जाता दाखवलं होतं. लघवी अशी कमी होत जाणं ही धोक्याची खूण. मी धावत गेले. वडिलांचं बीपी पडलं होतं. रेसिडेंट डॉक्टरांना उठवलं, सलाइन वाढवलं, पुढचे उपचार सुरू झाले. आठवड्याने ते चालत घरी गेले.

मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. चौदा नंबर, एवढंच.

क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार थकून जाणं, मोजायची पद्धत मांडली. त्यात तीन गोष्टी आहेत: आतून रिकामं होणं, समोरचा माणूस माणूस म्हणून दिसेनासा होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. दुसरी गोष्ट वाचताना मला तो बेड आठवला. नंबराने हाक मारायची सवय वाईट स्वभावातून येत नाही हो. बासष्ट नावं डोक्यात मावत नाहीत.

आम्हाला ध्यानाची, ताण कमी करण्याची शिबिरं देतात. पण जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली गोष्ट म्हटलं. मग इलाज कामाच्या जागेवरच हवा ना? नर्सिंग संशोधक लिंडा एकन यांच्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या अभ्यासात (२००२) एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि सर्जरीच्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एका पेशंटमागे! आपल्याकडे शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स असा भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिलचा) निकष आहे. वरचा बासष्टचा हिशोब तुम्हीच करा.

आता 'रुग्णांचा सहभाग' हा शब्द प्रत्येक कार्यशाळेत ऐकते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत रुग्णांचे १७ हक्क आहेत आणि पहिलाच माहितीचा आहे. खरं सांगायचं तर सरकारी दवाखान्यात नातेवाइकांचा सहभाग आधीपासून भरपूर आहे. स्ट्रेचर ढकलतात, सॅम्पल लॅबमध्ये पोचवतात, भरवतात, कूस बदलतात, रात्रभर जमिनीवर झोपतात. फक्त त्यांना कोणी काही सांगत नाही. कशाकडे लक्ष ठेवायचं, काय दिसलं तर उठवायचं, आज डॉक्टर काय म्हणाले. सहा-सहा तास काहीच न कळलेला माणूसच शेवटी आमच्यावर ओरडतो, असं मी कित्येकदा पाहिलंय.

पण याचा अर्थ नातेवाईक आहेत म्हणून नर्सची पदं भरू नका, असा कोणी काढला तर माझा त्याला ठाम विरोध आहे. पेशंटची जबाबदारी आमची आहे. त्या मुलाला पिशवी वाचता आली, तरी तीन वाजता धावायला कोणीतरी मोकळं हवंच.

त्या रात्रीनंतर मी वॉर्डात रोज पाचला, भेटायच्या वेळेत, दहा मिनिटं ठरवून घेतली. सगळ्या नातेवाइकांना एकत्र बोलवायचं, पिशवी, सलाइन, श्वास, ताप, एवढंच दाखवायचं, आणि नावाने बोलायचं. मुख्य म्हणजे रात्रीचे "सिस्टर, जरा बघता का" कमी झाले नाहीत, पण ते योग्य वेळी येऊ लागले. आणि ड्यूटी संपवून घरी जाताना माझं डोकं पूर्वीइतकं सुन्न नसायचं.

सव्वा वर्षाने माझी बदली झाली. परवा तिथल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती दहा मिनिटं बंद झाली आहेत. म्हणाली, "गं, आता नाइटला मी एकटीच असते."